छपाईसाठी काळ्या-पांढऱ्या रेखाचित्रांची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकांची कामे पावसाळ्यात सुरू होतात आणि त्याच सुमारास चित्रकार, संपादक आणि मांडणीकार यांच्याकडून त्याच त्या शंका पुन्हा येऊ लागतात. त्या शंका येथे एकत्र केल्या आहेत. उत्तरे मुख्यतः ऑफसेट छपाई डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सॉफ्टवेअरचा उल्लेख आवश्यक तेथे फोटोशॉप आणि विनामूल्य मिळणारे गिंप या दोहोंच्या संदर्भात केला आहे. आधी उत्तर आलेला भाग पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेखाचित्र आणि फोटो यांना छपाईत वेगळी वागणूक का द्यावी लागते? दोन्ही चित्रेच आहेत ना?

ऑफसेट यंत्राला करडा रंग छापता येत नाही. प्लेटवरील एखाद्या जागी शाई लागते किंवा लागत नाही. मधली अवस्था नसते. फोटोतील करड्या छटा दाखवण्यासाठी त्यांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावे लागते. त्या ठिपक्यांना हाफटोन म्हणतात आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला ते एकत्र मिसळून करडे भासतात. शाईने काढलेल्या रेखाचित्रात मात्र मुळातच दोन गोष्टी असतात, शाई आणि कागद. त्याला ठिपक्यांची गरज नाही आणि ठिपके पडले तर त्याची हानीच होते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जस्ताच्या ठशांतही ‘लाइन ब्लॉक’ आणि ‘हाफटोन ब्लॉक’ असे दोन प्रकार वेगळे होते आणि चित्र पाहून कोणता करायचा हे आधीच ठरत असे. आज ठसे गेले, पण तो निर्णय मात्र राहिला आहे, आणि तो चित्राची फाइल बनवणाऱ्याने घ्यायचा असतो.

२. पडद्यावर रेषा अगदी स्वच्छ दिसते, पण छापून आल्यावर तिच्या कडा कुरतडल्यासारख्या का दिसतात?

जवळजवळ प्रत्येक वेळी याचे कारण एकच असते : चित्र ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांच्या प्रकारात, राहिलेले असते. पडद्यावर रेषेची कड मऊ दिसावी म्हणून काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर करड्या पिक्सेलांची झालर असते. ही फाइल प्लेट बनवणाऱ्या यंत्राकडे गेली की ते त्या झालरीला करडी छटा समजते आणि तिचे ठिपके करते. चांगल्या कागदावरील कामासाठी साधारणपणे इंचाला १५० ठिपक्यांची जाळी वापरतात, म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर असते. आपली बारीक पेनची रेषा मुळात ०.२ मिलिमीटरची असेल, तर ठिपका आणि रेषा जवळपास एकाच मापाचे झाले. अशा वेळी रेषेची कड सरळ राहणे शक्यच नसते. त्यातच स्कॅनमध्ये रेषा पूर्ण काळी न उतरता गडद करडी उतरली असेल, तर कडच काय, सबंध रेषाच ठिपक्यांची माळ होऊन छापली जाते.

यावरील उपाय म्हणजे प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा हे छपाईला जाण्यापूर्वी आपणच ठरवणे. या लेखातील बहुतेक उत्तरे शेवटी या एका गोष्टीकडे येतात. आपण ठरवले नाही तर यंत्र ठरवते, आणि यंत्राने चित्र पाहिलेले नसते.

३. संपादक ३०० डीपीआयचे चित्र मागतात. रेखाचित्रासाठी तेवढे पुरेसे आहे का?

नाही. ३०० डीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हा आकडा फोटोसाठी आहे. करड्या पिक्सेलांची मऊ झालर काढून टाकली की कड सुबक दिसण्यासाठी पिक्सेल स्वतःच डोळ्याला न दिसण्याइतके लहान असावे लागतात. ३०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो आणि तिरक्या रेषेवर त्याच्या पायऱ्या दिसतात. ६०० डीपीआयला तो ०.०४२ आणि १२०० डीपीआयला ०.०२१ मिलिमीटर होतो. साध्या कागदावरील जाडसर रेषांच्या चित्राला ६०० डीपीआय चालते. बारीक निबच्या कामाला, विशेषतः गुळगुळीत कागदावर, १२०० द्यावे. त्यापुढे जाण्यात फारसा लाभ नाही.

हे आकडे छापल्या जाणाऱ्या अंतिम मापाचे आहेत, हे मात्र विसरू नये. ६०० डीपीआयचे चित्र मांडणीत दुप्पट मोठे केले की ते ३०० डीपीआयचेच होते.

४. माझ्या फाइलमध्ये ७२ डीपीआय दिसते. तो आकडा बदलून ६०० केला तर काम होईल का?

केवळ आकडा बदलून काहीही घडत नाही. फाइलमध्ये खरे असतात ते पिक्सेल. डीपीआय हा ते किती जागेत पसरवायचे याचा शेरा आहे. ३००० पिक्सेल रुंदीचे चित्र ७२ डीपीआय असे दिसत असले, तरी पाच इंच रुंदीत छापताना ते ६०० डीपीआयचेच असते. याउलट ८०० पिक्सेलांच्या चित्रावर ६०० लिहिले, तर ते सव्वा इंचापेक्षा थोडे अधिक मोठे छापता येते, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून चित्रकाराकडे डीपीआय न मागता अंतिम माप सांगून पिक्सेल मागावेत. गोंधळ निम्म्याने कमी होतो.

५. स्कॅन करताना कोणती सेटिंग ठेवावीत? स्कॅनरमध्ये थेट ‘ब्लॅक अँड व्हाइट’ असा पर्याय आहे, तो वापरू का?

तो पर्याय वापरू नये. काळे-पांढरे करण्याचा निर्णय तेथे स्कॅनर घेतो, आणि एकदा गेलेली रेषा परत आणता येत नाही. ग्रेस्केलमध्ये किमान ६०० डीपीआयला स्कॅन करावे. कागद पिवळा असेल किंवा रंगीत पेन्सिलीच्या खुणा असतील तर रंगीत स्कॅन करावे (प्रश्न ७). स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा कृत्रिम वाढीचा असतो, त्यामुळे ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेल्या आकड्यापुढे जाऊ नये. आपोआप धार वाढवणारे, पार्श्वभूमी काढणारे आणि उजेड सुधारणारे सर्व पर्याय बंद ठेवावेत.

शाई पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीचा आराखडा खोडावा आणि काच पुसून घ्यावी. काचेवरचा एक कण काढायला एक क्षण लागतो. तोच कण शंभर चित्रांतून पुसायला एक दिवस जातो. चित्र काचेपेक्षा मोठे असेल तर कागद न फिरवता, दोन भागांत, एकमेकांवर दोन-तीन सेंटिमीटर येईल असे स्कॅन करावे आणि काळे-पांढरे करण्यापूर्वीच जोडावे.

६. माझ्याकडे स्कॅनर नाही. मोबाइलने काढलेला फोटो चालेल का?

लहान चित्रासाठी चालतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेल असतात, म्हणजे ६०० डीपीआयने सुमारे साडेसहा गुणिले पाच इंच. प्रत्यक्षात भिंगाची मर्यादा असल्यामुळे मी त्याच्या निम्म्या मापाचेच चित्र त्यातून घेतो. कागद भिंतीला सपाट चिकटवावा, सावलीतल्या खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, मागे सरकून आणि थोडे झूम करून, भिंग कागदाला अगदी समोर ठेवून फोटो काढावा. कागदपत्रे स्कॅन करणारी अ‍ॅप वापरू नयेत. ती रेषा परस्पर जाड करतात.

खरी अडचण असमान उजेडाची असते. कागदाचा एक कोपरा उजळ आणि दुसरा मंद असेल, तर कोणतीही एक थ्रेशोल्ड पातळी (जिच्यापेक्षा गडद ते काळे आणि फिके ते पांढरे होते ती सीमा) दोन्हींना लागू पडत नाही. यासाठी त्याच जागी, त्याच उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाचाही एक फोटो काढून ठेवावा. चित्राच्या लेयरवर हा कोरा फोटो ठेवून त्याचा ब्लेंड मोड ‘डिव्हाइड’ केला की उजेडाचा उतार निघून जातो. कोरा फोटो नसेल तर चित्राचीच प्रत खूप धूसर करून वर ठेवता येते, पण चित्रात भरीव काळे मोठे भाग असतील तर ते या पद्धतीने मधोमध पोकळ होतात. तेथे ती टाळावी.

७. निळ्या पेन्सिलीचा आराखडा, पिवळा पडलेला कागद, बॉलपेनची निळी शाई : यांचे काय करावे?

या तिन्हींचे उत्तर रंगांच्या चॅनेलांत आहे. रंगीत स्कॅन करून तांबडा, हिरवा आणि निळा चॅनेल वेगवेगळा पाहावा. फिकट निळी पेन्सिल निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ पांढरी दिसते, त्यामुळे आराखडा नको असेल तर तोच चॅनेल घ्यावा. तांबडी पेन्सिल, पिवळा कागद आणि चहाचे डाग तांबड्या चॅनेलमध्ये फिके होतात. बॉलपेनच्या निळ्या शाईचे मात्र उलटे आहे, कारण ती आपल्याला हवी आहे; ती तांबड्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद दिसते. गिंपमध्ये ‘कलर्स’ मेन्यूतील ‘कंपोनंट्स’मधून चॅनेल वेगळे करता येतात, फोटोशॉपमध्ये हवा तो चॅनेल निवडून थेट ग्रेस्केलमध्ये गेले की उरलेले गळून पडतात.

८. थ्रेशोल्डची पातळी किती ठेवावी? एखादा ठरावीक आकडा सांगा.

ठरावीक आकडा सांगता येत नाही, आणि सांगणे चित्रावर अन्याय करणारे होईल. ० ते २५५ या पट्टीवर १२८ हा मध्य आहे आणि सॉफ्टवेअर तेथूनच सुरुवात करते, पण तो केवळ मध्य आहे. पातळी वाढवली की रेषा जाड होतात आणि कागदाचा मळ काळा होऊ लागतो. कमी केली की रेषा बारीक होतात आणि शेवटी तुटतात.

माझी पद्धत अशी आहे. प्रथम लेव्हल्स (चित्राच्या काळ्या आणि पांढऱ्याची टोके ठरवणारे साधन) वापरून कागद पांढरा आणि भरीव शाई काळी करून घ्यावी, मात्र दोन्ही टोके कडेपर्यंत खेचू नयेत. मग चित्रातील दोन जागा शोधाव्यात : सर्वांत नाजूक रेषा आणि सर्वांत दाट गिरवणी (जवळजवळ काढलेल्या रेषांनी भरलेला भाग). नाजूक रेषा तुटेपर्यंत पातळी खाली आणावी आणि तो आकडा लिहून ठेवावा. गिरवणीतल्या पांढऱ्या फटी बुजेपर्यंत वर न्यावी आणि तोही लिहावा. योग्य पातळी या दोहोंच्या मध्ये असते. दोन्ही आकड्यांमध्ये जागाच उरत नसेल, तर चित्राचे दोन भाग करून त्यांना वेगवेगळी पातळी द्यावी. चेहऱ्याला एक आणि पार्श्वभूमीला दुसरी, असे मी अनेकदा केले आहे.

हे इतक्या विस्ताराने सांगण्यामागे एक जुनी चूक आहे. एका अंकासाठी आलेल्या चित्रात पाऊस अगदी सुटलेल्या हाताने, क्रोक्विलच्या (अतिशय बारीक निबच्या) फिकट फटकाऱ्यांनी काढलेला होता. घाईत सर्व चित्रांना एकच पातळी लावली गेली आणि छापील पानावर भिजलेली माणसे होती, पाऊस नव्हता. चित्रकाराने तक्रार केली नाही, पण ते चित्र मी आजही विसरलेलो नाही.

९. थ्रेशोल्ड केल्यावर सगळीकडे काळे कण दिसतात. ते एकदम काढता येतील का?

एकदम काढणारे ‘डीस्पेकल’सारखे फिल्टर आहेत, पण ते वापरताना फार सावध राहावे. त्यांना धुळीचा कण आणि चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला ठिपका यांत फरक कळत नाही. दाढीचे खुंट, साडीवरची बुट्टी, डोळ्यातली चमक, सहीखालचा बिंदू हे सर्व त्यात जाऊ शकते. चित्रात हाताने लिहिलेली अक्षरे असतील तर धोका अधिक आहे : अनुस्वार पुसला गेला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते, आणि ही चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही सुटते, कारण तो चित्र वाचत नाही.

सुरक्षित मार्ग म्हणजे मोकळ्या जागेतले कण निवड करून पांढऱ्याने भरणे आणि रेषांमधले कण हाताने, कडक ब्रशने पुसणे. कण फारच असतील तर थ्रेशोल्डच्या आधी लेव्हल्समध्ये पांढरे टोक थोडे आत आणावे. बहुतेक मळ तेथेच जातो.

१०. थ्रेशोल्ड केले म्हणजे फाइल बिटमॅप झाली का?

नाही. बिटमॅप म्हणजे प्रत्येक पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा असू शकतो अशी एक बिटची फाइल. थ्रेशोल्डनंतर चित्रात दोनच रंग उरतात, पण फाइलचा प्रकार ग्रेस्केल किंवा आरजीबीच (पडद्याचा तांबडा-हिरवा-निळा रंगप्रकार) राहतो. पुढे कोणी तिचे माप बदलले किंवा ती किंचित फिरवली की करडे पिक्सेल पुन्हा जन्माला येतात. फोटोशॉपमध्ये ‘इमेज’, ‘मोड’, ‘ग्रेस्केल’ आणि त्यानंतर ‘बिटमॅप’ असा क्रम आहे. तेथे ‘५० टक्के थ्रेशोल्ड’ ही पद्धत निवडावी, डिफ्यूजन किंवा हाफटोन निवडू नये. गिंपमध्ये ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ येथे एक बिटची काळी-पांढरी रंगपट्टी घ्यावी आणि डिदरिंग (करड्याऐवजी ठिपके विखुरणे) बंद ठेवावे. बिटमॅप करण्यापूर्वी माप, फिरवणे आणि जोडणे ही सर्व कामे संपलेली असावीत.

११. बिटमॅप केल्यावर रेषा पायऱ्यापायऱ्यांची दिसते. काही चुकले का?

बहुधा काहीही चुकलेले नाही. साधारण ९६ पिक्सेल प्रति इंच असलेल्या पडद्यावर १२०० डीपीआयचे चित्र शंभर टक्के आकारात पाहिले, तर ते खऱ्या मापाच्या बारा पट मोठे दिसते. त्या पायऱ्या कागदावर दिसणार नाहीत. खात्री हवी असल्यास ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर खऱ्या मापात प्रत काढून हातभर अंतरावरून पाहावी. पडद्यापेक्षा हे दोन रुपयांचे प्रूफ अधिक खरे बोलते.

१२. माझा स्कॅनर ६०० डीपीआयच्या पुढे जात नाही, पण छापखान्याला १२०० हवे आहेत. आता?

ग्रेस्केल अवस्थेतच चित्राचे पिक्सेल दुप्पट करावेत (‘बायक्युबिक’ किंवा ‘क्युबिक’ पद्धतीने) आणि मग थ्रेशोल्ड करावे. प्रश्न ३ आणि ४ वाचल्यावर हे विसंगत वाटेल, पण येथे कारण वेगळे आहे. कडेच्या करड्या पिक्सेलमध्ये रेषा त्या पिक्सेलचा किती भाग व्यापते याची माहिती असते. आधी वाढवून मग काळे-पांढरे केले की ती माहिती कडेच्या आकारात उतरते. नवा तपशील मिळत नाही, कड मात्र खरोखर अधिक सुबक होते. उलट क्रमाने, म्हणजे बिटमॅप करून मग वाढवले, तर मिळतात फक्त मोठ्या पायऱ्या.

१३. मोठे चित्र काढून लहान छापायचे आहे. रेषा किती बारीक चालेल?

रेषेची जाडीही चित्राबरोबर कमी होते, हा हिशोब चित्र काढण्यापूर्वी करावा. दीडपट मोठे काढलेले चित्र छापताना ६७ टक्के होते आणि ०.३ मिलिमीटरची रेषा ०.२ मिलिमीटरवर येते. अडीचपट काढले असेल तर तीच ०.१२ वर येते. ०.२५ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमीटर, ही मी छापील रेषेची शेवटची मर्यादा मानतो, तीही चांगल्या कागदावर. रेषांपेक्षा त्यांच्यामधल्या फटींकडे अधिक लक्ष द्यावे. रेषा लहान झाली तर ती केवळ हलकी दिसते. फट लहान झाली तर ती शाईने भरते आणि नाजूक गिरवणीचा काळा डाग होतो.

१४. कागदामुळे फरक पडतो का?

पुष्कळ पडतो. न्यूजप्रिंट शाई शोषतो आणि रेषा पसरते. मॅपलिथोवर (पुस्तकांच्या साध्या, लेप नसलेल्या कागदावर) ती थोडी पसरते. आर्ट पेपरवर (लेप असलेल्या गुळगुळीत कागदावर) जवळजवळ आहे तशी राहते. न्यूजप्रिंटसाठी थ्रेशोल्डची पातळी किंचित कमी ठेवून रेषा मुद्दाम थोडी बारीक ठेवावी. कागद कोणता आहे हे चित्र तयार करण्यापूर्वी विचारावे. अंक मॅपलिथोवर आणि पुरवणी न्यूजप्रिंटवर असेल तर एकच फाइल दोन्हींना पाठवू नये.

१५. चित्रात रेषांबरोबर पाण्यात कालवलेल्या शाईच्या छटा आहेत. ते बिटमॅप कसे करू?

करू नये. छटा हा त्या चित्राचा प्राण असेल तर त्याला ग्रेस्केल म्हणूनच ३०० ते ४०० डीपीआयला छापावे आणि रेषांच्या कडा थोड्या मऊ होणार हे स्वीकारावे. दोन्ही हवे असल्यास चित्राच्या दोन फाइल कराव्यात : रेषांची १२०० डीपीआयची बिटमॅप आणि छटांची ३०० डीपीआयची ग्रेस्केल. मांडणीत छटा खाली आणि रेषा बरोबर तिच्यावर ठेवावी. दोन्हींचे बाह्य माप अगदी सारखे ठेवले तर जुळवणी आपोआप होते. मऊ पेन्सिलीच्या चित्रांनाही हेच लागू आहे. शिसाच्या रेषेतला कागदाचा पोत थ्रेशोल्डने भरड होतो.

१६. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे, उदाहरणार्थ वारली पद्धतीचे, चित्र कसे तयार करावे?

वारली चित्रकला गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जाते, म्हणून काळ्यावर पांढरे हे तिचे स्वाभाविक रूपांतर आहे. पांढऱ्या कागदावर काळ्याने काढून सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्व्हर्ट’ करणे हा सोपा मार्ग. मात्र येथे शाई रेषेच्या दोन्ही बाजूंनी आत येते आणि पांढरी रेषा बारीक होते. म्हणून अशा चित्रात अर्धा पॉइंट, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर, यापेक्षा बारीक रेषा ठेवू नये. दोन त्रिकोणांच्या मानवाकृतीची कंबर, हातपायांच्या काड्या आणि तारपा वाजवणाऱ्याची बोटे या जागा प्रथम तपासाव्यात.

१७. फाइल कोणत्या प्रकारात द्यावी?

टिफ. कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू ठेवावे. गिंपमध्ये एक बिटच्या चित्रासाठी सीसीआयटीटी ग्रुप ४ हाही उत्तम पर्याय आहे. दोन्हींत एकही पिक्सेल बदलत नाही. जेपेगमध्ये एक बिटचे चित्र साठवताच येत नाही; ते पुन्हा करडे होते आणि रेषांभोवती धुरकट ठिपके येतात.

आकाराची भीती बाळगू नये. डेमी पुस्तकाचे साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचे पूर्ण पान १२०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये सुमारे ६५ एमबी होते, तर बिटमॅपमध्ये कॉम्प्रेशनशिवायही सुमारे ८ एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन जेपेगमध्ये पोहोचते.

१८. फाइल बरोबर दिली होती, तरी पीडीएफमध्ये चित्र खराब झाले. असे का होते?

पीडीएफ बनवताना मोठी चित्रे लहान करण्याचे नियम असतात आणि ते चित्राच्या प्रकारानुसार वेगळे असतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील ‘प्रेस क्वालिटी’ या तयार सेटिंगमध्ये रंगीत आणि ग्रेस्केल चित्रे ४५० डीपीआयच्या वर असतील तर ३०० वर आणली जातात. एक बिटची चित्रे मात्र १८०० च्या वर असतील तरच १२०० वर येतात. म्हणजे तुम्ही कष्टाने केलेले १२०० डीपीआयचे काळे-पांढरे चित्र ग्रेस्केल म्हणून जपून ठेवले असेल, तर पीडीएफ त्याचे ३०० डीपीआयचे करडे चित्र करून टाकते. प्रश्न १० मधला आग्रह यासाठीच आहे. ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ ही सेटिंग छपाईसाठी कधीही वापरू नये.

१९. बिटमॅप चित्र रंगीत चौकटीवर ठेवले तर आतला पांढरा भागही रंगीत झाला. पांढरा कसा परत आणू?

इनडिझाइनसारख्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिटच्या टिफमधला पांढरा भाग पारदर्शक मानला जातो. हा दोष नाही. यामुळेच काळ्या रेषेला तेथे कोणताही एक रंग देता येतो. पूर्ण चौकट पांढरी हवी असेल तर चित्राच्या फ्रेमला कागदी पांढरा रंग भरावा. फक्त आकृतीच्या आतला भाग पांढरा हवा असेल, तर आकृतीच्या बाह्यरेषेच्या मधोमध जाणारा पांढरा आकार काढून चित्राच्या खाली ठेवावा.

२०. रंगीत पानावरच्या रेखाचित्राच्या कडेला लाल-निळी झाक का येते?

आरजीबीमधला काळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शाईंत) नेला की तो चार शाईंचा काळा होतो. फोटोशॉपच्या ‘एसडब्ल्यूओपी’ प्रोफाइलमध्ये तो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० टक्के असा, म्हणजे एकूण ३०० टक्के शाईचा होतो. चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी बारीक रेषेच्या कडेने रंग डोकावतात. रेषा केवळ काळ्या शाईत असावी. बिटमॅप फाइलला मांडणीत शंभर टक्के ब्लॅक दिला की हा प्रश्न उद्भवत नाही.

रेषांच्या आत रंग भरलेले असतील तर रंग रेषेच्या खालपर्यंत न्यावेत, कडेला थांबवू नयेत, आणि रेषांच्या थराला ‘मल्टिप्लाय’ मोड द्यावा. अपवाद मोठ्या भरीव काळ्या भागाचा आहे. एकट्या काळ्या शाईत तो फिका वाटतो, म्हणून तेवढ्या भागाखाली ४० टक्के सायन देण्याची प्रथा आहे. तो थर कडेपासून थोडा आत ठेवावा. शेवटी अ‍ॅक्रोबॅटच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळी प्लेट बंद करून पाहावी, रेषांचा मागमूस उरला नाही तर सर्व ठीक आहे.

२१. व्यंगचित्रातले संवाद चित्रातच लिहावेत की मांडणीत टाइप करावेत?

चित्रकाराचे हस्ताक्षर हा चित्राचाच भाग असेल, तर ते चित्रातच ठेवावे आणि प्रश्न ८ व ९ मधली काळजी अक्षरांसाठी दुप्पट घ्यावी. देवनागरीत शिरोरेषेखालच्या लहान पोकळ्या लवकर बुजतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक एका बारीक फटीवर उभा असतो. टाइप केलेला मजकूर मात्र चित्राच्या पिक्सेलांत कधीही मिसळू नये. तो मांडणीत, अक्षर म्हणूनच ठेवावा. छापखान्याकडे तो फाँट नसण्याची शक्यता असेल तर मजकुराचे ‘कर्व्ह’ (अक्षरांच्या बाह्यरेषांचे आकार) करून द्यावे, आणि कर्व्ह केल्यानंतरही जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागेवर आहेत का ते एकदा वाचावे.

२२. मी टॅबलेटवरच चित्र काढतो. स्कॅनचा प्रश्नच नाही. मग काय काळजी घ्यावी?

कॅनव्हास सुरुवातीलाच अंतिम मापाचा आणि किमान ६०० डीपीआयचा घ्यावा. नंतर वाढवलेले चित्र कधीच तसे होत नाही. ब्रशच्या कडा बहुतेक अ‍ॅपमध्ये मऊ असतात, त्यामुळे थ्रेशोल्ड आणि बिटमॅप या पायऱ्या येथेही आवश्यक आहेत. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये लेयरचा रंगप्रकार ‘मोनोक्रोम’ ठेवून आरंभापासूनच शुद्ध काळ्या-पांढऱ्यात काम करता येते. झूम करून काढताना रेषा नकळत फार बारीक होते, म्हणून अधूनमधून खऱ्या मापाची प्रत काढून पाहावी.

२३. सर्व चित्रे वेक्टर करून टाकली तर हे सगळे टळेल ना?

बोधचिन्ह, नकाशा, आकृती किंवा फलकावर खूप मोठे करायचे चित्र असेल तर वेक्टर (पिक्सेलांऐवजी वक्ररेषांनी बनलेले, कितीही मोठे करता येणारे चित्र) करावे. इंकस्केपचे ‘ट्रेस बिटमॅप’ आणि कोरलड्रॉचे ‘पॉवरट्रेस’ हे काम चांगले करतात. परंतु ट्रेस करणारी पद्धत रेषेला गुळगुळीत करते : कोपरे गोल होतात, कोरड्या ब्रशचा खरखरीतपणा जातो आणि हाताची थरथर नाहीशी होते. ती थरथर अनेकदा चित्रकाराची ओळख असते. व्यक्तिचित्रे आणि कथाचित्रे मी ट्रेस करत नाही.

२४. जुन्या अंकातले रेखाचित्र पुन्हा छापायचे आहे. मूळ चित्र उपलब्ध नाही. काय करावे?

पानामागचा मजकूर दिसू नये म्हणून पानाच्या मागे काळा कागद ठेवून रंगीत स्कॅन करावे आणि तांबडा चॅनेल घ्यावा (प्रश्न ७). जुन्या छपाईत शाई आधीच पसरलेली असते आणि नव्या छपाईत ती पुन्हा पसरेल, म्हणून पातळी नेहमीपेक्षा कमी ठेवावी. चित्र हाफटोनमध्ये छापलेले असेल तर नव्या जाळीशी त्याच्या ठिपक्यांची टक्कर होऊन लाटांसारखी नक्षी उमटते. ठिपके मोठे आणि सुटे असतील तर १२०० डीपीआयला स्कॅन करून, माप न बदलता, त्यांनाच रेखाचित्र मानून बिटमॅप करावे. बारीक ठिपके मात्र किंचित धूसर करून मिटवावेत आणि चित्र ग्रेस्केलमध्येच छापावे.

भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. परवानगीची चौकशी स्कॅनच्या आधी करावी.

२५. काम संपल्यावर कोणती फाइल जपून ठेवावी? आणि तीच ई-अंकात वापरता येईल का?

मूळ ग्रेस्केल किंवा रंगीत स्कॅन, कोणतीही दुरुस्ती न केलेला, टिफमध्ये जपावा. बिटमॅप ही एका मापासाठी आणि एका कागदासाठी केलेली प्रत आहे. पुढच्या वेळी माप बदलले की ती नव्याने करावी लागते. पडद्यावर बिटमॅप करकरीत आणि तुटक दिसते, त्यामुळे ई-अंकासाठी स्वच्छ केलेल्या ग्रेस्केल प्रतीवरून लहान पीएनजी वेगळी काढावी. फाइलच्या नावात चित्रकाराचे नाव, पान, अंतिम माप, डीपीआय आणि थ्रेशोल्डची पातळी लिहून ठेवावी, उदाहरणार्थ ‘चित्रकाराचे-नाव_पान-०४२_११०मिमी_१२००_पा११८’. फर्मा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) यंत्रावर चढल्यावर छापखान्यातून एखादे चित्र पुन्हा मागवले जाते, तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो.